नागमोडीच्या पोटातली दोरी

मल्टीमीटरच्या फिरत्या बटणाभोवती दोन चिन्हं छापलेली असतात. एक नागमोडी रेघ. दुसरं चिन्ह म्हणजे एक सरळ रेघ आणि तिच्या खाली तीन तुटक रेघा. नागमोडी ती एसी, रेघा ती डीसी. कुठल्याही आयटीआयमधला पोरगा हे पहिल्याच आठवड्यात शिकतो आणि त्यातले बरेचजण पुढच्या महिन्यात विसरतात. मग कोणी सांगतं, ‘डीसी म्हणजे डॅश’. कोणी म्हणतं, ‘डोंगर-दरी दिसली की एसी’. चालतं. पण या दोन चिन्हांची कुळी मी जसजशी शोधत गेलो तसतसं मला वाटायला लागलं, की ती कुळी ठाऊक असेल तर पाठांतराची गरजच राहत नाही.

आधी विसरल्याने होतं काय ते सांगतो. घरच्या सॉकेटात 230 व्होल्ट एसी असते. मीटर डीसीवर ठेवून पिना आत घातल्या, तर पडद्यावर शून्य किंवा शून्याच्या आसपास भिरभिरणारा आकडा येतो. एसी सेकंदाला पन्नास वेळा जेवढी वर जाते तेवढीच खाली येते, आणि डीसीचा कप्पा या दोहोंची सरासरी काढतो. सरासरी शून्य. माणूस म्हणतो, लाईन नाही. आणि हात घालतो.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनीच्या बाजूला पूर्वी हा घोळ मर्यादित होता. डीपीपासून मोटरपर्यंत सगळीकडे एसी, आणि डीसी म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी नाहीतर टॉर्चचे सेल. आता धानाच्या धुऱ्यावर सौर पॅनेलं उभी आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत तीन, पाच, साडेसात अश्वशक्तीचे पंप आले. पॅनेलमधून निघते डीसी. ती कंट्रोलरमध्ये शिरते, आणि पुष्कळ पंपांत तिथून पुढे मोटरीला जाते ती एसी होऊन. एकाच पेटीच्या डाव्या अंगाला एक चिन्ह, उजव्या अंगाला दुसरं. बघायला गेलेल्या वायरमनने बटण फिरवायचं विसरून चालणार नाही, कारण मोठ्या पंपाच्या पॅनेलांची डीसी काही टॉर्चमधली नसते. शेकडो व्होल्टची असते, आणि तिचा झटकाही तसाच असतो.

आता इतिहास. सर्वांना ठाऊक असलेले टप्पे पटकन उरकतो. 1831 मध्ये फॅरेडेने चुंबकातून वीज काढली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पिक्सीने हाताने फिरवायचं यंत्र केलं. त्यातून निघणारी उलटसुलट धारा लोकांना नकोशी वाटली म्हणून त्याने ती एकदिश करण्याची युक्ती जोडली. 1880च्या दशकात एडिसनची डीसी आणि टेस्लाची एसी यांचं भांडण झालं, एसी जिंकली. मुंबईच्या लोकल मात्र 1925 पासून 2016 पर्यंत 1500 व्होल्ट डीसीवर धावत राहिल्या, तर आपल्या गोंदियावरून जाणारा हावडा मार्ग 25,000 व्होल्ट एसीवर. आणि मल्टीमीटर? ब्रिटिश पोस्ट खात्यातला अभियंता डोनाल्ड मॅकाडी वेगवेगळी मीटरं वागवून कंटाळला, आणि त्याने अँपिअर, व्होल्ट, ओहम ही तिन्ही मापं एका पेटीत कोंबली. 1923 मध्ये ती बाजारात आली. तीन मापांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं अ‍ॅव्हो. आपल्याकडे जुने मास्तर अजूनही अ‍ॅव्होमीटरच म्हणतात, मग तो नाशिकच्या मोटवाने कारखान्यातला का असेना. गंमत अशी, की पहिला अ‍ॅव्हो फक्त डीसी मोजायचा. एसीची सोय पुढच्या दशकातली. म्हणजे कुठलं चिन्ह कशाचं हे लक्षात ठेवण्याची कटकटच त्या पहिल्या मीटरवर नव्हती.

इथपर्यंत सगळं कुठल्याही पुस्तकात मिळतं. मी अडकलो तो दुसरीकडेच. नववीचं गणित भाग दोनचं पुस्तक चाळत होतो. वर्तुळाच्या प्रकरणात ‘जीवा’ आहे: वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारा रेषाखंड. दोन प्रकरणं पुढे त्रिकोणमिती आहे, आणि तिथे ‘साइन’ आहे. एक शब्द संस्कृत वळणाचा, एक इंग्रजी वळणाचा. पोरांना वाटतं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? संबंध असा, की हे दोन्ही एकच शब्द आहेत. जीवा बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी घरून निघाली, बगदाद आणि तोलेदो करून साइन होऊन परत आली, आणि आज एकाच पुस्तकात दोन प्रकरणांच्या अंतरावर दोघी एकमेकींना ओळख न देता बसल्या आहेत. मल्टीमीटरवरची नागमोडी ही याच साइनची आकृती.

हा प्रवास नीट सांगायला हवा, कारण त्याची जी आवृत्ती तोंडोतोंडी फिरते ती मला पटत नाही.

सुरुवात धनुष्यापासून. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, धनुष्याची काठी. तिची दोन टोकं जोडणारी सरळ दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा. दोरीच्या मध्यापासून काठीपर्यंतचं अंतर म्हणजे शर, बाण. आपल्या ज्योतिषांनी पूर्ण दोरीऐवजी अर्धी दोरी हिशेबाला घेतली, तिला अर्धज्या म्हटलं, आणि बोलता बोलता ‘अर्ध’ गळून नुसती ज्या उरली. इ.स. 499 च्या आर्यभटीयात आर्यभटाने चतुर्थांश वर्तुळाचे चोवीस भाग केले, प्रत्येक पावणेचार अंशांचा, आणि चोवीस ज्यांच्या फरकांची यादी दिली. वर्तुळाची त्रिज्या धरली 3438 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग).

यावर एक हरकत ठरलेली. वर्तुळातल्या दोऱ्यांचं कोष्टक ग्रीकांनी आधी केलं, हिप्पार्कसने आणि मग टॉलेमीने. तेव्हा ज्या हा ग्रीक शब्दाचा नुसता तर्जुमा. गणिताची देवघेव झाली असेल, मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण शब्द तर्जुमा केला म्हणणाऱ्यांनी टॉलेमीचं कोष्टक उघडून बघावं. त्याने तिथे दोरी म्हटलेलंच नाही. त्याने म्हटलंय ‘वर्तुळातल्या सरळ रेषा’. चाप, ज्या आणि शर असा धनुष्याचा पुरा संच आणि शिवाय अर्धी दोरी वापरण्याची युक्ती, हे इथलं. टॉलेमीचा शब्द मात्र वाचकाने ध्यानात ठेवावा: आपल्या नागमोडीच्या ग्रीक चुलतीचं नाव ‘सरळ रेषा’ आहे.

आठव्या शतकात भारतीय सिद्धान्तग्रंथ बगदादला खलिफा अल-मन्सूरच्या दरबारी पोचला. जीवाचं अरबीत ‘जीबा’ झालं. जीबाला अरबीत स्वतःचा अर्थ काही नाही, नुसता उसना आवाज. अरबी लिपीत सहसा ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे उरली अक्षरं जीम, या, बा. याच अक्षरांचा एक अस्सल अरबी शब्द होता, ‘जैब’: अंगरख्याचा छातीवरचा उघडा भाग, तिथली घडी, तिथलाच खिसा. पुढे बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली, तेव्हा जैबसाठी लॅटिन शब्द आला ‘सिनुस’: घडी, कुशी, वळण, आखात. सिनुसचं साइन.

तोंडोतोंडीची आवृत्ती म्हणते, लॅटिन भाषांतरकार अडाणी, त्याने जीबाला जैब वाचलं आणि घोटाळा केला. मला हे अन्यायाचं वाटतं. अरबी गणिती स्वतःच हा शब्द जैब म्हणून वाचत होते. आजही अरबीत साइनला जैबच म्हणतात आणि खिशालाही जैबच. म्हणजे परका शब्द ओळखीच्या शब्दात मिसळून गेला तो बगदादकडेच, आणि तोही चूक म्हणून नव्हे; परक्या शब्दाचं असंच होतं. लॅटिनवाल्याने समोर होतं त्याचं इमानाने भाषांतर केलं. दोष द्यायचाच तर स्वर न लिहिणाऱ्या लिपीला द्यावा. आणि हो, फारसीच्या वाटेने हाच अरबी जैब आपल्याकडे ‘जेब’ होऊन आला. आपल्या भागात हिंदी-मराठी दोन्ही बोलणारा वायरमन मीटर जेबमध्ये टाकतो तेव्हा खिशाचं नाव आणि खिशातल्या मीटरवरच्या लहरीचं नाव अरबीच्या हिशेबाने एकच असतं. जेब हा शब्द जीवेपासून निघाला असं मात्र कोणी समजू नये. तो मुळातला अरबीच. जीवा त्याच्या घरात राहायला गेली, इतकंच.

सिनुस पहिल्यांदा लिहिलं कोणी, यावरही दोन पक्ष आहेत. एका पक्षाचा मानकरी रॉबर्ट ऑफ चेस्टर, बाराव्या शतकाच्या मध्यावरचा. दुसऱ्याचा क्रेमोनाचा जेरार्ड, ज्याने तोलेदोत बसून अरबी ग्रंथांचा ढीग लॅटिनात आणला आणि 1187 मध्ये देह ठेवला. काळाच्या हिशेबाने रॉबर्टचं पारडं जड आहे, पण मला विचाराल तर शब्द रुजवण्याचं श्रेय जेरार्डचं. ज्याची भाषांतरं विद्यापीठांत वाचली गेली त्याचाच शब्द टिकणार. तिसरा एक गडी होता, तिवोलीचा प्लेटो. त्याने याच जैबसाठी ‘कोर्डा’ लिहिलं. कोर्डा म्हणजे दोरी! नकळत त्याने जीवा परत आणली होती. त्याचा शब्द चालला असता तर आज आपण ‘दोरी-लहर’ म्हणालो असतो आणि नागमोडी चिन्ह बघून चक्रावलो असतो.

जेरार्डचं जन्मसाल साधारण 1114 धरतात. आपल्या भास्कराचार्यांचंही 1114. सिद्धान्तशिरोमणीत ज्या काढण्याच्या रीतींना ‘ज्योत्पत्ति’ असा स्वतंत्र भाग आहे, 1150 चा. तिकडे तोलेदोत ज्या ‘कुशी’ होत होती त्या काळात इकडे ती चांगली दोरीच होती. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्या मठाला दिलेल्या दानाचा 1207 चा शिलालेख देवीच्या देवळात आहे, डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात, पण कोणी किती द्यायचं हा व्यवहाराचा शेवट जुन्या मराठीत. सांगण्याचं कारण एवढंच, की ज्या शिकवणारी शाळा मराठी मुलखात आठशे वर्षांपूर्वी चालू होती आणि तिचा खर्च मराठीत मांडलेला आहे.

आता या सगळ्या उलाढालीतला खरा योगायोग. सिनुस म्हणजे वळण. इंग्रजीत ‘नागमोडी’ या अर्थाचं जे विशेषण आहे ते याच सिनुसपासून आलं. आर्यभटाची ज्या ताणलेली, सरळ. तिचं नाव अपघाताने ‘वळण’ पडलं. पुढे सतराव्या शतकात फ्रान्सच्या रोबेर्वालने कोनागणिक बदलणारी ज्या कागदावर शेजारी शेजारी उभी मांडून रेघ काढली, तर ती खरोखरच वळणदार निघाली. चुकून पडलेलं नाव पाचशे वर्षांनी खरं ठरलं.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला. मीटरवर चिन्ह छापणाऱ्याच्या मनात ना आर्यभट होता ना जेरार्ड. मान्य. चिन्ह हे लहरीच्या एका फेऱ्याचं चित्र आहे, वर एक कुबड, खाली एक खळगा. पण ते चित्र कशाचं? आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला 3300 मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, 660 मेगावॅटचे पाच संच. तिथला फिरता चुंबक मिनिटाला 3000 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पन्नास. चुंबक जितक्या कोनातून वळला त्या कोनाच्या ज्येच्या प्रमाणात दाब वेटोळ्यात उठतो. वेगळं काही नाही, तीच अर्धी दोरी. एक फेरा 20 मिलिसेकंदांचा, त्याचा चतुर्थांश 5 मिलिसेकंदांचा. तेवढ्यात आर्यभटाच्या चोवीसही ज्या एकामागून एक येऊन जातात. सॉकेटातल्या 230 व्होल्टचं शिखर असतं 325 व्होल्ट. आर्यभटाच्या यादीत शिखर 3438. त्याची आठवी ज्या, तीस अंशांची, बरोबर निम्मी: 1719. आपल्या सॉकेटात त्या क्षणी दाब असतो 325 च्या निम्मा, एकशे साडेबासष्ट व्होल्ट. प्रमाण धरून सगळी यादी व्होल्टमध्ये उतरवून बघावी. मी बघितली, मजा येते. तेव्हा छापणाऱ्याच्या मनात कोणी का असेना, चित्र ज्येचंच आहे.

चिन्हाबद्दल एक रिकामी समजूत अशीही ऐकू येते, की ते स्पॅनिश ‘एन’वरच्या टोपीवरून, म्हणजे कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या टिल्डवरून घेतलं. हे उलटं आहे. स्पॅनिश टोपी हा मुळात लेखनिकांनी जागा वाचवायला अक्षराच्या डोक्यावर घातलेला बारका ‘एन’. तिचा लहरीशी काही संबंध नाही. चार्जरवर छापायला लहरीचा खास ठसा हाताशी नसला की छापणारा जवळचा टिल्ड उचलतो, एवढीच उसनवारी.

आता डीसीकडे येऊ. इथे मतं जास्त आणि पुरावा तोकडा, म्हणून मलाही मोकळीक.

एक मत: वरची अखंड रेघ म्हणजे शुद्ध डीसी, सेलची; खालच्या तुटक रेघा म्हणजे एसी गाळून काढलेली हिसक्यांची डीसी. ऐकायला झकास. पण मग टॉर्चवर नुसती वरची रेघ आणि जुन्या बॅटरी चार्जरवर नुसत्या खालच्या रेघा दिसायला हव्यात. तसं होत नाही. मोबाईलच्या चार्जरवर आउटपुटपुढे तोच पुरा संच असतो, आणि ती डीसी हिसके देत नाही.

दुसरं मत: वरची रेघ धन, खालची तुटक रेघ ऋण किंवा अर्थिंग. मग पिनांच्या भोकांजवळ लाल-काळ्यासाठी वेगळी खूण कशाला लागली असती?

तिसरं मत मला थोडा वेळ आवडलं होतं. सर्किटच्या नकाशात सेल दाखवतात तो एक लांब रेघ आणि एक आखूड रेघ काढून. तो आडवा पाडला की वर लांब, खाली आखूड. पण आखूड एक असते, तीन कशा झाल्या, याला उत्तर मिळत नाही.

माझा कौल साधा आहे. मूळ चिन्ह एकच सरळ रेघ होती, जुन्या नकाशांत आणि पॅनेलवरच्या मीटरांत ती तशीच भेटते: लहर ती एसी, रेघ ती डीसी. पण एकटी रेघ आकड्याशेजारी छापली की वजाबाकीचं चिन्ह वाटते. 12 व्होल्टचे उणे 12 व्होल्ट होतात. खाली दुसरी अखंड रेघ द्यावी तर बरोबरचं चिन्ह. म्हणून खालची रेघ तोडली. गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. इथे दोन अर्जुनी, दोन्ही तालुक्याची ठिकाणं. नुसतं अर्जुनी म्हटलं की पाहुणा भलत्या गावी उतरायचा. म्हणून रेल्वेमार्गावरची ती अर्जुनी मोरगाव, आणि मुंबई-कोलकाता महामार्गावरची ती सडक अर्जुनी. नाव बदललं नाही, ओळखीची खूण जोडली. (गावाचं नाव पांडवावरून की ओढ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडावरून, हा वाद मी झाडाच्या बाजूने मिटवून टाकला आहे. धनुष्याच्या गोष्टीत पांडव जास्त शोभला असता, हे कबूल.)

माझ्या कौलाला एक भक्कम आधारही आहे. जगभरच्या अक्षरांना आणि खुणांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या यादीत आपल्या या तीन तुटक रेघावाल्या चिन्हाचं अधिकृत नाव ‘डायरेक्ट करंट सिम्बॉल फॉर्म टू’ असं आहे. फॉर्म टू, दुसरं रूप. पहिलं रूप त्या नावाने यादीत कुठेच नाही. माझ्या मते त्याचं कारण हेच, की नुसत्या आडव्या रेघेला तिथे आधीच डझनभर मालक आहेत.

तिसरं एक चिन्ह काही यंत्रांवर सापडतं: सरळ रेघ आणि तिच्या खाली लहर. दोन्ही चालेल, असा त्याचा अर्थ. खाली लहर असली की रेघेला वजाबाकी कोण समजणार? त्यामुळे इथे तुटक रेघांचा सोपस्कार लागत नाही आणि मूळची एकटी रेघ तशीच नांदते. माझ्या कौलाचा हा दुसरा साक्षीदार.

बाजारातल्या स्वस्त पिवळ्या-काळ्या मीटरवर छपाई पुसली गेली असेल, तर चिन्ह न बघताही बाजू ओळखता येते. 830 नावाने मिळणाऱ्या त्या मीटरला डीसी व्होल्टचे पाच कप्पे असतात, 200 मिलिव्होल्टपासून 1000 व्होल्टपर्यंत. एसीचे दोनच, 200 आणि 750. म्हणजे जिथे दोनच घरं तिथे नागमोडी. याच मीटरचं बटण एसीच्या 200 वर ठेवून 12 व्होल्टच्या बॅटरीला पिना लावून बघा. एका बाजूने लावल्या तर साधारण 27 दिसतात, उलट लावल्या तर शून्य. आतला डायोड लहरीचा फक्त अर्धा भाग पुढे सोडतो, आणि त्या अर्ध्या ज्यांच्या सरासरीवरून पुरा आकडा दाखवायचा म्हणून मीटर तिला 2.22 ने गुणतं. समोर लहर आहे की बॅटरीची सपाट रेघ, हे त्याला कळत नाही. ते गुणून मोकळं होतं.